कोपऱ्यावरची चौकट

गारखेड्यात मुख्य रस्ता सोडून आत वळलं की दुसऱ्या कोपऱ्यावर आमचं घर आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि वैजापूरच्या भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. अण्णा एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी त्यांनी वैजापूर, लासूर, कन्नड, जालना या रस्त्यांवर काढली. माझं लग्न मोडल्यावर मी परत या घरी आले आणि पुढच्या खोलीत औषधांचं दुकान काढलं. माझ्या दुकानाला लागून एका शिंप्याचं दुकान आहे. ते मूळचे करमाडचे. त्यांना सगळी गल्ली मास्टर म्हणते, मी चाचा म्हणते. संध्याकाळ झाली की अण्णा खुर्ची घेऊन आमच्या दोन दुकानांच्या मधे येऊन बसत. चाचांचं मशीन चालू असायचं आणि दोघांच्या गप्पाही. हे मराठीत बोलत, ते दखनीत उत्तर देत, मधेच दोघंही भाषा बदलत आणि कुणाच्या लक्षातही येत नसे.

अण्णा तापट होते, पण त्यांचा ताप लवकर उतरायचा. एक विषय मात्र असा होता की त्यावर ते तापले की रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत राहायचे. तो विषय म्हणजे बोर्ड.

"ड्रायव्हरला रस्ता दिसला पायजे," ते म्हणायचे. "बाकी काय लागत नाय त्याला. आन् ह्या लोकांनी नेमका रस्ताच झाकून टाकला."

त्यांचं खोटं नव्हतं. जालना रोडनं जाताना डोळ्याला आराम म्हणून नव्हता. शिकवणीवाल्यांच्या बोर्डांवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे, त्यांच्यावर दागिन्यांची दुकानं, त्यांच्यावर गुडघे बदलून देणारे दवाखाने, आणि या सगळ्यांच्या पुढं, अगदी नाकासमोर, कापडासारखे फडफडणारे वाढदिवसांचे फ्लेक्स. ज्यांचे वाढदिवस ते कुणालाही माहीत नसत. हात जोडलेले, मोबाईल कानाला लावलेले, बोट वर केलेले. खाली शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे, एकाला एक चिकटलेले. दुभाजकावरच्या खांबांना बोर्ड, सिग्नलच्या खांबाला बोर्ड. गावाकडचे पाहुणे वेरूळ बघायला आले की विचारायचे, "इथून डोंगर दिसतो म्हणत होता ना?" दिसायचा. एके काळी आमच्या कोपऱ्यावरूनसुद्धा दक्षिणेकडची टेकाडं दिसायची.

मग आमच्या कोपऱ्यावर चौकट आली.

मी दुकानाचं शटर उचलत होते. समोर फुटपाथवर दोन माणसं फरशा उखडत होती आणि हातगाडीवर लोखंडी अँगल पडले होते. अण्णा काठी टेकत त्यांच्याजवळ गेले.

"काय चाललंय?"

"चौकट बसवायची आहे, बाबा."

"कुणाच्या परवानगीनं?"

"भाऊंच्या."

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले पुढारी. निवडून आलेले नव्हते, पण येणार आहेत असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. अण्णा म्हणाले, "भाऊच्या बापाचा फुटपाथ हाय का?" ती माणसं हसली आणि खड्डा खणत राहिली. दुपारपर्यंत दोन लोखंडी पाय उभे राहिले आणि त्यावर आडवी भली मोठी चौकट जोडली गेली. तिची खालची कड माझ्या गुडघ्याला लागेल इतकी खाली होती. रस्त्यावरून फ्लेक्स नीट दिसावा म्हणून त्यांनी शेजारच्या कडुलिंबाच्या रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या छाटल्या. झाड एका बाजूनं सोलल्यासारखं दिसायला लागलं.

त्यानंतर आमच्या कोपऱ्यावर एकही दिवस मोकळा गेला नाही. भाऊंचा वाढदिवस, भाऊंच्या मुलाचा वाढदिवस, भाऊंच्या नेत्याचा वाढदिवस. दिवाळी आणि ईद. दहावीचा निकाल. कुणाची तरी कुठल्या तरी समितीवर निवड. एक फ्लेक्स उतरायच्या आधीच त्याच्यावर दुसरा ताणला जायचा. माझ्या दुकानाची पाटी मुख्य रस्त्यावरून दिसेनाशी झाली आणि दुपारी दोनलाही आत दिवा लावावा लागायचा. चाचा सुईत दोरा ओवायला दाराबाहेर येऊन उभे राहत. "अंधेरे में सीता बैठूं क्या मैं?" असं स्वतःशीच पुटपुटत.

मी वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, माझं ऐकून घेतलं, संगणकात काही तरी पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या जागेवर आमच्याकडे कुठल्याच होर्डिंगची नोंद नाही."

"म्हणूनच आले. बेकायदा आहे."

"बरोबर. पण नोंदच नाही, तर आम्ही काढायचं काय?"

ते चेष्टा करत नव्हते. मला तेव्हा जो संताप आला तो मी घरी घेऊन आले, आणि अण्णांना सांगितलं तेव्हा ते उलट शांत झाले. म्हणाले, "जाऊ दे. तू गेली तेवढं लई झालं."

पुढं एका हिवाळ्यात शहरात परदेशी पाहुणे यायचं ठरलं. बैठका होत्या, लेणी बघायला जायचं होतं. आणि काय सांगावं, आठवडाभरात शहराचे बोर्ड उतरायला लागले. ट्रक फिरत होते, माणसं खांबांवर चढून सुतळ्या कापत होती. भिंतींना रंग लागले, दुभाजकांत फुलझाडं आली, पाण्याचे टँकर रस्ते धुऊ लागले. आमच्या गल्लीतून पाहुण्यांची गाडी जाण्याचा काही संबंध नव्हता, तरी वरून हुकूमच असा आला असावा की कोपऱ्यावरचा फ्लेक्सही गेला. चौकट राहिली, पण रिकामी. तिच्यातून आरपार दिसायला लागलं.

अण्णांनी मला दुकान बंद करायला लावलं. "रिक्षा बोलाव. गाव बघून येऊ." या शहराला ते शेवटपर्यंत गावच म्हणायचे.

आम्ही सगळं फिरलो. जालना रोड, क्रांती चौक, पैठण गेट, तिथून गुलमंडीवरून खाली, मग भडकल गेट. रिक्षावाल्याला ते सारखे "हळू घे" म्हणत होते. पैठण गेटाशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि नुसते बघत बसले. कमान आख्खी दिसत होती. दगडांचे सांधे, वरचे कंगोरे, कोनाड्यात बसलेली कबुतरं. मी या शहरात वाढले, कॉलेजला रोज तिथून जायची, आणि त्या कमानीला वर कोनाडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"नोकरीला लागलो तवा असंच होतं," अण्णा म्हणाले. "लासूरकडून येताना किल्ला दिसायचा. मग छावणी, मग गाव. प्याशिंजर न विचारता उठून उभे राहायचे, आलं म्हणून. बोर्ड वाचून नाय उठायचे."

थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे करता येत होतं."

आवाज शांत होता, पण हातातली काठी त्यांनी रिक्षाच्या पत्र्यावर आपटली. "करता येत होतं आन् करत नव्हते. पाहुण्यांसाठी केलं. आपण कोण मग?"

रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "अपन तो घर केच लोगां हैं ना चाचा." अण्णांना हसू आलं नाही.

त्या दिवसांत ते रोज सकाळी एकटे कोपऱ्यापर्यंत आणि पुढं बागेपर्यंत चालत जायचे. आई म्हणायची, यांना पाय फुटलेत. पाहुणे आले, बैठका झाल्या, पाहुणे गेले. ते विमानात बसले असतील नसतील, आमच्या चौकटीवर फ्लेक्स चढला. त्यावर लिहिलं होतं की शहर सुंदर करून पाहुण्यांचं यशस्वी स्वागत केल्याबद्दल भाऊंच्या नेत्यांचं हार्दिक अभिनंदन. मी तो वाचला तेव्हा एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होते. बाटली तिच्या हातात द्यायच्या ऐवजी मी परत फळीवर ठेवली. त्या बाईनं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

हा फ्लेक्स चौकटीपेक्षा मोठा होता, म्हणून त्याला मागून बांबूंचे टेकू दिले होते. टेकूंनी उरलेला फुटपाथ अडला. चालणाऱ्याला रस्त्यात उतरून वळसा घालावा लागायचा. एका सकाळी अण्णा दुधाची पिशवी आणायला निघाले, टेकूंपाशी रस्त्यात उतरले, आणि वळणावरून आलेल्या मोटारसायकलनं त्यांना उडवलं.

मी आवाज ऐकून धावले. अण्णा एका कुशीवर पडले होते आणि मोटारसायकलवाला मुलगा, पंचविशीतला असेल, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. "ताई, मला दिसलेच नाहीत. आई शप्पथ, दिसलेच नाहीत." त्यानंच रिक्षा थांबवली, त्यानंच अण्णांना उचललं, दवाखान्यात संध्याकाळपर्यंत तो बाकावर बसून होता. अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं बोलले ते त्याच्याबद्दल. "त्या पोराला घरी जाऊ द्या. त्याची चूक नाय. मला बी तो दिसला नाय."

ऑपरेशन झालं. पण त्या वयात माणूस एकदा अंथरुणाला खिळला की पुन्हा उठणं अवघड असतं. ते पलंगावर होते तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास भिंतीचा व्हायचा. ज्या माणसानं आयुष्यभर काचेतून लांबचं बघितलं त्याला समोर भिंत. मी पलंग खिडकीकडे फिरवला. ती खिडकी घराच्या दुसऱ्या अंगाला, तिच्यातून फ्लेक्सची पाठ दिसायची. पांढरी, ऊन आलं की त्यातून उलटी अक्षरं उमटायची. त्यांनी पलंग पुन्हा भिंतीकडे करायला सांगितलं. छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि अण्णा गेले.

राख सावडून आम्ही घरी आलो. पुण्याहून माझा धाकटा भाऊ आला होता, तो गाडी लावत होता. मी खाली उतरले आणि कोपऱ्यावर अण्णांचा चेहरा दिसला.

त्याच चौकटीवर. वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. अण्णांचा फोटो माझ्या भावाच्या लग्नातला होता, कुणाच्या तरी मोबाईलमधून घेतलेला, फेटा बांधलेला आणि हसरा. त्यांच्या शेजारी हात जोडलेले भाऊ, अण्णांपेक्षा मोठे. आणि खाली शोकाकुल म्हणून तेच डझनभर चेहरे. काही जण तर हसत होते, कारण ते फोटो वाढदिवसांच्या फ्लेक्सवरचेच होते.

ज्या लोखंडानं माझ्या बापाला रस्त्यात उतरवलं, त्याच लोखंडावर त्याला टांगलं होतं. मी सरळ तिकडं निघाले. भावानं हात धरला. "ताई, आत्ता नको. लोक बघतायत. दहावा तर होऊ दे."

"तुला कळतंय का हे काय आहे?"

"कळतंय. पण आईकडे बघ."

आई गाडीतून उतरून फ्लेक्ससमोर उभी होती. तिनं पदर सावरला आणि हात जोडले. मग म्हणाली, "किती छान फोटो आलाय त्यांचा. येवढा मोठा फोटो आयुष्यात कधी काढला नव्हता." तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. मी घरात गेले.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुकान उघडून बसले की समोर ते. औषधं घ्यायला येणारे लोक फ्लेक्सला नमस्कार करून यायचे आणि मला सांगायचे, "भाऊंनी मान दिला हो तुमच्या वडिलांना." मान. वाऱ्यानं फ्लेक्स फुगायचा आणि अण्णांचं तोंड वाकडं व्हायचं. मला हेही माहीत होतं की फ्लेक्स उतरले की त्यांचं काय होतं. कुणी हातगाडीवर अंथरतो, कुणी गोठ्यावर टाकतो, वैजापूरच्या कांदा मार्केटात ढिगांवर असे शेकडो चेहरे उलटेसुलटे झाकलेले मी स्वतः बघितले होते. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. भावाला बोलले तर तो म्हणाला, "ताई, आपल्याला इथं राहायचंय." राहायचं मला आणि आईला होतं. तो दहावा करून पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चल, जरा जवळून बघू दे मला फोटो." मी तिला धरून कोपऱ्यावर नेलं. तिला वाचायला येतं, पण अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचते. तिनं वरची ओळ वाचली. नाव वाचलं. मग त्याखालची ओळ. ती थांबली. पुन्हा वाचली.

"सेवानिवृत्त वाहक," ती म्हणाली. "वाहक म्हणजे कंडक्टर ना गं?"

मी इतके दिवस त्या फ्लेक्ससमोर बसले होते, पण रागाच्या भरात ती ओळ मी वाचलीच नव्हती.

"ह्यांनी तुझ्या बापाला कंडक्टर केलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. "सगळी हयात गाडी चालवली त्या माणसानं. घाटात, पुरात. आन् ह्यांना साधं विचारता आलं नाय की बाबा तुम्ही काय करत होता? दोन घरं पल्याड राहतो तो भाऊ." ती माझ्याकडं वळली. "काढ ते."

"आत्ता?"

"मग कवा?"

मी चाचांच्या दुकानात गेले. ते सगळं ऐकत होतेच. त्यांनी कापड कापायची मोठी कात्री उचलली, क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ये कपडे की कैंची है. प्लास्टिक काटी तो धार जाती इसकी." मग इस्त्रीचं टेबल ओढत बाहेर आणलं. "धार जाती तो जाने देव. चढ बेटा, मैं टेबल पकडता."

मी चढले. जवळून अण्णांचा चेहरा चेहरा राहिलाच नाही, नुसते रंगाचे ठिपके दिसत होते. मी कडेनं कात्री घातली आणि फेट्यापासून छातीपर्यंत चौकोन कापून काढला. लोक जमले. पिठाच्या गिरणीवाल्या वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. मी खाली उतरले तेव्हा फ्लेक्सवर भाऊ होते, शोकाकुल मंडळी होती आणि मधे भोक होतं, ज्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता. बाकीचा फ्लेक्स मी मुद्दाम तसाच ठेवला. आईनं तो तुकडा हातात घेतला, घरी नेला, ओल्या फडक्यानं पुसला आणि घडी करून कपाटात ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

दुपारी भाऊंची पोरं आली. फ्लेक्स उतरवून, मोबाईलवर फोटो काढून ती गेली. संध्याकाळी भाऊ स्वतः आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या. वागायला एकदम नम्र.

"ताई, वाईट वाटलं मला. अण्णा आम्हाला वडिलांसारखे होते."

"वडील काय काम करायचे तुमचे?"

ते गोंधळले. "शेती. का?"

"बघा, तुम्हाला माहीत आहे. माझे वडील ड्रायव्हर होते."

त्यांनी मागं वळून पोरांकडं बघितलं. "ते प्रिंटिंगवाल्याची चूक आहे, ताई. उद्या नवीन लावून देतो. याच्यापेक्षा मोठा."

"मोठा नको. लहानही नको. ती चौकट काढा. तिच्यामुळं अण्णा रस्त्यात उतरले आणि गेले."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. चाचांचं मशीन थांबलं. भाऊंचा चेहरा बदलला, पण आवाज तसाच गोड राहिला.

"ताई, असं बोलू नका. आणि चौकट काय आमची नाही."

"मग कुणाची?"

"एजन्सीची असेल. लोक बांधतात, आम्ही वापरतो."

"म्हणजे तुमची नाही."

"नाही ना."

"वॉर्डाच्या ऑफिसात म्हणतात त्यांच्याकडं नोंद नाही. तुम्ही म्हणता तुमची नाही. मग मी काढली तर?"

ते हसले. समोर लोक होते, हसावंच लागलं. "काढा की. आमची हरकत कशाला असेल?"

"चाचा, ऐकलं ना?" मी विचारलं.

"हौ," चाचा दारातून म्हणाले. "सब सुने."

भाऊंना वाटलं असेल, एकटी बाई, चार दिवस बोलेल आणि विसरेल. मी रविवारी सकाळी गॅस कटरवाला बोलावला. त्याला आधी सगळं खरं सांगितलं, कारण त्याला अडकवायचं नव्हतं. तो म्हणाला, "माझ्या दुकानासमोर बी एक हाय, ताई." आणि सिलिंडर घेऊन आला. भर उजेडात, गल्ली जागी असताना आम्ही काम सुरू केलं. गिरणीवाल्या वहिनींनी रस्त्यावर दोन पिंपं आडवी ठेवली, म्हणजे कुणी वाहनवाला खाली येऊ नये. ठिणग्या उडाल्या. एक पाय कापून झाला तोवर पोरं आली, आणि त्यांच्यामागं मोटारसायकलवर दोन पोलीस.

"मॅडम, थांबवा. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होतंय अशी तक्रार आहे."

"सार्वजनिक नाही ती. ऑफिसात नोंद नाही. विचारून घ्या."

वयानं मोठ्या पोलिसानं चौकटीकडं बघितलं, उखडलेल्या फरश्यांकडं बघितलं, मग पोरांपैकी जो पुढं होता त्याला विचारलं, "तुमची आहे का?"

तो म्हणाला, "आमची म्हणजे... भाऊंची."

"मग भाऊंना सांग, परवानगी घेऊन ठाण्यात या आणि लेखी द्या, माझी आहे म्हणून."

त्या पोरानं फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग फोन कानाला धरूनच तो बाजूला गेला, आणखी बाजूला गेला, आणि परत आलाच नाही. पोलीस थोडा वेळ उभे राहिले. जाताना मोठा पोलीस मला म्हणाला, "मॅडम, आता पूर्ण काढूनच टाका. अर्धी पडली तर कुणाच्या तरी अंगावर येईल."

दुपारपर्यंत ती आडवी झाली. भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. चाचांनी पाय उखडलेल्या खड्ड्यांत वाळू-सिमेंट भरलं. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी चहा आणला. मला त्यातलं काहीही सुखाचं वाटलं नाही. मी आत जाऊन औषधांच्या खोक्यांमागं बसले आणि संतापानं रडले. एका सकाळचं काम होतं हे. एक माणूस, एक सिलिंडर आणि "माझी आहे" म्हणायला कुणी तयार नाही, एवढंच. एवढ्यासाठी एक माणूस जिवानिशी गेला. नियम होते, ऑफिसं होती, पाहुणे येणार म्हटल्यावर आठवड्यात सगळं शहर मोकळं करणारे ट्रक होते. आणि आम्ही सगळे, सगळी गल्ली, त्या लोखंडाला वळसा घालून चालत होतो.

आईला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "रडून झालं असेल तर दुकानात बस. गिऱ्हाईक आलंय."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. भाऊ अजून निवडून आलेले नाहीत. चौकट गेल्यावर त्यांच्या पोरांनी एकदा विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधून पाहिला, तो मी उतरवला. पुन्हा बांधला, गिरणीवाल्या वहिनींनी उतरवला. त्यानंतर आमच्या कोपऱ्याचा नाद त्यांनी सोडला. पण शहराचं काही बदललं नाही. जालना रोडला मी अजूनही मान खाली घालून जाते.

परवा त्यांच्यातलाच एक मुलगा, फोन घेऊन बाजूला गेला होता तोच, आईची शुगरची गोळी घ्यायला आला. गोळ्या पिशवीत टाकताना मी विचारलं, "वाढदिवस आला ना भाऊंचा?"

"व्हय ताई. पण तुमच्याकडं नाय लावणार. पलीकडच्या गल्लीत लावलाय, वळणावर."

"तिथं कोण राहतं?"

"म्हातारा-म्हातारी हायेत कुणी. ते काय बोलत नाहीत."

तो गेल्यावर मी चाचांना दुकानाकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि चालत निघाले. पलीकडच्या गल्लीच्या वळणावर भाऊ हात जोडून उभे होते, एका छोट्या बैठ्या घराची खिडकी आणि फाटकाचा अर्धा भाग झाकून. मी फ्लेक्सच्या कडेनं वाकून आत शिरले आणि दार वाजवलं. आतून एका बाईंचा आवाज आला, "कोण आहे?"

"पलीकडच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे," मी म्हणाले. "दार उघडता का? तुमच्या खिडकीबद्दल बोलायचंय."